लेकरू ‘ढ’ नाही, त्याची वाचनाची वाट अजून पडायची आहे



मागं ईटजवळच्या एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते झाले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एका ताईंनी पाच हजार मागितले. कारण विचारलं तर म्हणाल्या, “पोराला शिकवणी लावायची. चौथीत गेलाय, अजून चार ओळी धड वाचता येत नाहीत. शाळेत म्हणतात लक्ष नाही, घरात म्हणतात डोकं नाही. शिकवणीनंही नाही झालं तर काढून घेते शाळेतून.”

शेजारी बसलेल्या मावशी लगेच म्हणाल्या, “अगं, तुझा पोरगा खव्याच्या भट्टीवर तोंडी हिशोब करतो की! दूध किती आलं, खवा किती उतरला, कुणाकडं किती पैसे राहिले, सगळं त्याला पाठ. आणि त्याला डोकं नाही म्हणतेस?”

सगळ्याजणी गप्प झाल्या. प्रश्न खरा होता. हिशोब येतो, सांगितलेलं सगळं कळतं, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगतो, मग वाचताना काय होतं? त्या दिवशी मी थोडंच सांगू शकले. आज जरा सविस्तर लिहिते, कारण असं एखादं लेकरू आपल्या बहुतेक गावांत आहे.

बोलणं आपोआप येतं, वाचणं शिकावं लागतं

आपण लेकराला बोलायला कधी शिकवणी लावली का? नाही. घरात चार माणसं बोलतात, ते ऐकतं आणि दोन-तीन वर्षांत बोलायला लागतं. माणूस हजारो पिढ्यांपासून बोलत आलाय, त्यामुळं बोलण्याची तयारी मेंदूत जन्मापासूनच असते.

वाचनाचं तसं नाही. माणसानं लिहायला सुरुवात केली त्याला साधारण पाच हजार वर्षं झाली. मेंदूच्या हिशोबानं ही कालची गोष्ट. म्हणून वाचनासाठी मेंदूत जन्मतः वेगळी तयार जागा नसते. बघायचं काम करणारा भाग, आवाज ओळखणारा भाग आणि बोलायचं काम करणारा भाग, या तिघांना जोडून मेंदूला नवा रस्ता तयार करावा लागतो. शिवारातून पायवाट पडते ना, तसंच. पहिल्या दिवशी गवतच असतं. रोज त्याच जागेवरून चाललं की गवत दबतं, माती घट्ट होते आणि मग अंधारातही पाय बरोबर पडतो.

हा रस्ता बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूला असतो. त्यावर तीन मुख्य ठिकाणं आहेत. कानाच्या वर, थोडं मागं एक भाग आहे. तो अक्षर आणि आवाज यांची जोडी लावतो. डोक्याच्या मागच्या बाजूला खाली दुसरा भाग आहे. रोज पाहिलेला शब्द तो एका नजरेत ओळखतो. म्हणूनच एस.टी.वर ‘भूम’ लिहिलेलं दिसलं की आपण भ ला दीर्घ उकार भू, मग म, असं जुळवत बसत नाही. तिसरा भाग कपाळाच्या बाजूला आहे. तो शब्द उच्चारायला मदत करतो. वाचताना या तिन्ही ठिकाणी निरोप सारखा ये-जा करत असतो.

वाट अडते कुठं?

काही लेकरांत हा रस्ता लवकर तयार होत नाही. वाचताना मेंदूत कुठं किती काम चालतं हे दाखवणारी यंत्रं आता आहेत. त्यांतून दिसलं, की या लेकरांत मागचे दोन भाग, म्हणजे आवाज जोडणारा आणि शब्द झटकन ओळखणारा, वाचताना कमी काम करतात. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. सरकारी कागदावर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ असा शब्द असतो. त्यातलाच हा वाचनाचा प्रकार.

पुष्कळांना वाटतं, हा डोळ्यांचा दोष असेल. पण बहुतेक लेकरांत मूळ अडचण आवाजाची असते. ‘बाजरी’ हा शब्द आपल्याला बा-ज-री असा सुटा करता येतो. या लेकरांना शब्द ऐकू नीट येतो, अर्थ कळतो, पण त्याचे तुकडे मनात वेगळे करता येत नाहीत. आवाजाचा तुकडाच हाताला लागला नाही, तर अक्षर चिकटवायचं कशाला? म्हणून काल घोकून घेतलेलं अक्षर आज अनोळखी वाटतं. आपल्याला वाटतं, मुद्दाम करतंय.

याचा हुशारीशी संबंध नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलं आहे. मुलगा चलाख, गणितात बरा, पण साधे शब्द वाचता येईनात. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, की सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच पहिला आला असता. भट्टीवर हिशोब करणारा आपला पोरगा आणि तो मुलगा, दोघांची गोष्ट एकच. ‘तारे जमीन पर’ हा २००७ सालचा सिनेमा तुमच्यातल्या कित्येकींनी टी.व्ही.वर पाहिला असेल. त्यातल्या ईशानची अडचणही हीच.

ही अडचण घराण्यात चालत येते. वडिलांना, मामाला किंवा आत्याला वाचन जड गेलं असेल, तर लेकराला तसं होण्याची शक्यता वाढते. म्हणून “तुझ्या लाडानं बिघडलं” असं कुणी आईला म्हणालं तर ऐकून घेऊ नका. जगभरातल्या अभ्यासांत साधारण शंभर लेकरांमागं पाच ते दहा लेकरांना कमी-जास्त प्रमाणात ही अडचण दिसते. म्हणजे तीस लेकरांच्या वर्गात दोन-तीन असू शकतात.

आपल्या मराठी अक्षरांची गंमत

इंग्रजीपेक्षा मराठी वाचायला एका बाबतीत सोपी आहे. ‘क’ कुठंही आला तरी त्याचा आवाज ‘क’च. इंग्रजीत एकच अक्षर कुठं एक आवाज देतं, कुठं दुसरा. म्हणून डिस्लेक्सिया असलेलं लेकरू मराठी कधी कधी बरोबर वाचतं, पण फार सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरून जातं. बरोबर वाचलं म्हणून अडचण कुणाच्या लक्षातच येत नाही. “मराठी शाळेत जमत नाही, इंग्रजी माध्यमात टाकते” असा विचार कुणी करत असेल तर थांबा. इंग्रजीचं स्पेलिंग अशा लेकराला आणखी जड जातं.

मराठीतल्या अवघड जागाही आहेत. ‘पिशवी’ लिहून बघा. पहिली वेलांटी ‘प’च्या आधी येते, पण बोलताना ‘प’ आधी. डोळ्याला एक आधी दिसतं, जिभेला दुसरं आधी लागतं. ‘सूर्य’ मध्ये ‘र’ आधी बोलायचा, पण लिहायचा ‘य’च्या डोक्यावर. काना उजवीकडं, मात्रा वर, उकार खाली. दिल्लीजवळ मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथं देवनागरीतली हिंदी वाचणाऱ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास झाला. डाव्या बाजूबरोबर उजव्या बाजूचे काही भागही कामाला लागलेले दिसले. अक्षराच्या चारी बाजूंच्या खुणा बघायला मेंदूला जास्तीचं काम पडतं, असं त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं. आपली लिपीही तीच.

मेंदू बदलतो, कुठल्याही वयात

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही वाट तयार करता येते.

२०१७ साली एक अभ्यास छापून आला. लखनऊजवळच्या खेड्यांतली शाळेत न गेलेली माणसं त्यात होती, बहुतेक तिशीतल्या बायका. त्यांना साधारण सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. शिकण्याआधी आणि नंतर मेंदूची तपासणी केली. तेवढ्या दिवसांत त्यांच्या मेंदूत खोलवर, डोळ्यांनी पाहिलेलं पुढं पोचवणाऱ्या भागांतही बदल दिसला. आपल्या गटांत अंगठ्यावरून सहीवर आलेल्या कितीतरी जणी आहेत. त्या सहीमागं मेंदूनंही मेहनत केली आहे.

डिस्लेक्सिया असलेल्या लेकरांवरही असे अभ्यास झाले. आवाज आणि अक्षर यांची जोडी पायरी-पायरीनं, रोज सराव करून शिकवली, तेव्हा त्यांचं वाचन सुधारलं आणि वाचताना मेंदूचे कमी काम करणारे भाग जास्त काम करताना दिसले. अडचण पूर्ण जाते असं नाही. असं लेकरू मोठेपणीही थोडं सावकाश वाचेल. पण वाचेल. जितकं लवकर सुरू कराल तितकं सोपं जातं.

यावर गोळी, टॉनिक, इंजेक्शन काही नाही. “मेंदू तेज करणारी” बाटली कुणी विकायला आलं तर पैसे घालवू नका. ताईत, गंड्यानंही वाट पडत नाही. आणि मारल्यानं तर नाहीच. भ्यालेलं लेकरू येत असलेलंही विसरतं.

आधी हे बघून घ्या

वाचता येत नाही अशा प्रत्येक लेकराला डिस्लेक्सिया नसतो. आपल्या भागात दुसरी कारणंच जास्त असतात. त्यामुळं आधी एवढं तपासा:

• लेकरू ऊसतोडीला आई-बापाबरोबर जातं का? दिवाळीनंतर चार-पाच महिने शाळा बुडाली तर वाचन मागं पडणारच. त्याला आधी सलग शाळा पाहिजे.
• फळ्यावरचं दिसतं का? वही डोळ्याजवळ धरतं का? चष्म्याची गरज असू शकते.
• कान वाहतो का? हाक मारली तर मागं वळून बघतं का?
• घरी गोरमाटी, पारधी किंवा दुसरी भाषा बोलतात का? मग शाळेतली मराठी कानावर बसायला वेळ लागतो.
• सारखं थकलेलं, फिकट दिसतं का? रक्त कमी असू शकतं.

हे सगळं ठीक आहे, शाळा नेमानं चालू आहे, शिकवणंही होतंय आणि तरीही वाचन येत नाही, तेव्हा डिस्लेक्सियाचा विचार करायचा.

लक्षात घ्यायच्या खुणा

• अंगणवाडीच्या वयात: बोलायला उशीर. ‘बादली’ला ‘दाबली’ असं शब्दांतले आवाज मागंपुढं. ओळखीच्या वस्तूचं नाव पटकन न आठवणं. बडबडगीत पाठ न होणं.
• पहिली-दुसरीत: अक्षरं आज येतात, उद्या विसरतात. भ-म, घ-ध, थ-य यांत सतत गोंधळ. शब्द सुटा करून सांगता येत नाही.
• तिसरी-चौथीत: पहिलं अक्षर बघून बाकी शब्द अंदाजानं वाचणं. काना-मात्रा गाळणं. फळ्यावरून उतरवायला फार वेळ. वाचून दाखवलं तर उत्तर येतं, स्वतः वाचून येत नाही. वाचनाच्या तासाला पोटात दुखणं.

पहिलीत भ-म चा घोळ सगळ्याच लेकरांचा होतो. एका खुणेवरून ठरवू नका. बऱ्याच खुणा एकत्र आणि वर्षभर टिकून असतील तर पुढचं पाऊल उचला.

घरी रोज वीस मिनिटं, आईला वाचता येत नसलं तरी

“मलाच लिहिता-वाचता येत नाही, मी काय शिकवणार?” असं म्हणू नका. या कामाची सुरुवात कानापासून होते, आणि आवाजाची जाण तुमच्याकडं भरपूर आहे. उखाण्यात यमक जुळवणारी, जात्यावरची ओवी म्हणणारी बाई आवाजाशीच खेळत असते.

आवाज सुटे करा. भाकरी थापताना विचारा, “भा-क-री, किती टाळ्या?” मग तोडायला लावा. ‘कपाट’मधला क काढला तर काय उरलं? पाट. ‘दुपार’मधला दु काढला? पार. ‘वावर’मधला वा काढला? वर.

आवाज बदला. गाडी, साडी, माडी. वाट, ताट, खाट. पहिला आवाज बदलला की नवा शब्द.

स्वयंपाकघरातली बाराखडी. कढई, कांदा, किसणी, कुकर, केळं, कोबी. सगळ्यांत ‘क’ आहे, पण पुढचा आवाज वेगळा. हे कानाला कळलं की काना, वेलांटी, उकार का लावतात ते समजतं.

भेंड्या. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. शेतावर जाता-येताना खेळता येतं.

मग अक्षर. परातीत पीठ किंवा रांगोळी पसरा. लेकरानं बोटानं मोठं अक्षर काढायचं आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. हात, डोळा, कान, तोंड एकाच वेळी कामाला लागतात. एका दिवशी एकच अक्षर. भ आणि म एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की काही दिवसांनी दुसरं. चार-पाच अक्षरं आली की लगेच त्यांचे शब्द करा. वाचता येणाऱ्या मोठ्या बहिणीला किंवा भावाला जवळ बसवा, म्हणजे चूक झाली तर कळेल. पण चिडवायचं नाही, हे आधीच बजावा.

वीस मिनिटं झाली की थांबा. पाहुण्यांसमोर वाचून दाखवायला लावू नका. आणि त्याला जे चांगलं येतं, हिशोब असो, चित्र असो, जनावरं सांभाळणं असो, त्याचं कौतुक चारचौघांत करा.

शाळा, तपासणी आणि हक्क

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अशी लेकरं लवकरात लवकर ओळखून त्यांना जमेल त्या पद्धतीनं शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. त्यामुळं शाळेत जाताना उपकार मागायला चाललोय असं समजू नका. भांडायलाही जाऊ नका. शिक्षकांना शांतपणे सांगा, “घरी आम्हाला असं-असं दिसलं, तुम्हाला वर्गात काय दिसतं?”

1. शिक्षकांना विनंती करा की समग्र शिक्षेतल्या विशेष शिक्षकांना लेकरू दाखवा. ते भूमच्या गटसाधन केंद्राशी जोडलेले असतात.
2. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा वाचनाची अडचण आवर्जून सांगा. त्यांच्या तपासणीत ही अडचण मोडते, पण सांगितल्याशिवाय ती अंगावर दिसत नाही.
3. पथकानं चिठ्ठी दिली तर धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात जा. पुढची तपासणी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ करतात. ती दुसऱ्या शहरात करावी लागणार असेल तर कुठं, कोणत्या दिवशी, ते लिहून घ्या.
4. तपासणी लेकराच्या शाळेच्या भाषेत व्हायला हवी, असं सांगा. मानेसरच्या त्याच केंद्रानं ‘डाली’ नावाची चाचणी केली आहे, ती मराठीतही आहे.

प्रमाणपत्र साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. ते असलं की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक अशा सवलती मिळतात. आपल्या राज्यात या विषयावर पालक आणि तज्ज्ञ बऱ्याच वर्षांपासून काम करतायत. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून आहे. पण प्रमाणपत्राची वाट बघत घरचे खेळ थांबवू नका. त्याला कुणाची सही लागत नाही.

गटात काय ठरवू?

पुढच्या बैठकीत पाच मिनिटं या विषयाला द्या. दुसरी ते चौथीतलं कुणाचं लेकरू वाचनात अडलंय, एवढंच विचारा. नाव घेऊन लाजवायचं नाही. आईला बोलायचं असेल तर ती बोलेल. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या कित्येकजणी तिथं आहेत. त्यांनी समितीच्या बैठकीत विचारावं, विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीआधीच हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. लेकरू बरोबर न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जावं, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत बसवता येईल.

आणि त्या ताईंचं कर्ज? गटानं त्या दिवशी मंजुरी पुढं ढकलली आणि आधी लेकराची तपासणी करायची ठरवली. डोळ्यांना चष्म्याची गरज निघाली नाही, कान ठीक होते. विशेष शिक्षकांची भेट झाली. पुढची तपासणी अजून व्हायची आहे. घरी मात्र परातीतलं पीठ आणि टाळ्यांचा खेळ रोज चालू आहे. परवा ताई भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “अजून अडखळतो. पण परवा दुकानावरची पाटी स्वतःहून वाचली, मी न सांगता.” पाच हजारांचं कर्ज त्यांनी घेतलं नाही. आणि शाळेतून काढायचं नावही आता काढत नाहीत.

तुमच्या गावात असं लेकरू असेल तर बैठकीत सांगा किंवा मला फेरीत भेटा. शाळेत जायचं असेल तर मी बरोबर येईन.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक, ईट